नाखव्याच्या जबानीची मागची बाजू

हे लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकांत कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं मी लहानपणापासून वाचत आलो. कुणी तीस वर्षं पोस्टात काढलेली, कुणी दीपगृहावर, कुणी शवागारात. त्यांच्या पिकल्या केसांना तो मान शोभतो. माझं वय तेवीस. कामाची वर्षं चार, आणि त्यातून परीक्षेचे महिने वजा करायचे. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे घरी कुणाला विचारायचीही सोय नाही. आई ऐकते, पण तिला सगळंच चांगलं वाटतं. संपादकांना मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं ते एवढ्यासाठी, की माझ्या हातून एक चूक झाली आणि ती कुठेतरी नीट लिहून ठेवावी असं वाटलं. माणसांची नावं बदलली आहेत. ज्यांची ही गोष्ट आहे ते समोरासमोर भेटेपर्यंत ती छापायची नाही, असं संपादकांनी कबूल केलं आहे.

मी मोडी वाचतो. अलिबागेत कचेरीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मालकांनी मला दाराशी खुर्ची आणि अर्धं टेबल दिलं आहे. वर पाटी आहे, 'मोडी कागद वाचून मिळतील'. कॉलेज सुटल्यावर आणि रविवारी मी तिथे बसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोडी ही वेगळी भाषा नाही. मराठी भराभर लिहिण्याची ती जुनी लिपी. कागदावर आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, बोरू होता होईतो न उचलता. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, वाक्य संपलं तरी खूण करायची नाही. त्यामुळे नवा कागद हातात आला की तो लगेच वाचायचा नसतो. नुसता बघत बसायचं. या लिहिणाऱ्याचा 'क' कसा आहे, तो 'र' कुठे गिळतो, हे आधी ओळखायचं. मला शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "घाई करू नकोस. ज्यांनी लिहिलं त्यांना आता कुठेही जायचं नाहीये." ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेतलं, एवढंच.

येणारं गिऱ्हाईक बहुतेक जमिनीचं असतं, नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधणारं. रोह्याकडचे एक गृहस्थ देव्हाऱ्यातून निघालेला कागद घेऊन आले होते. आजूबाजूला बघत मला म्हणाले, "हळू वाच. जागा लिहिली असेल त्यात." पुरलेल्या धनाची जागा, असं त्यांना म्हणायचं होतं. कागद होता एका लग्नाच्या जेवणाच्या सामानाचा. भोपळे, केळीची पानं, तूप. मी वाचत गेलो तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "भोपळे म्हणजे काही खुणेचं असेल का?" मी म्हटलं, भोपळेच असावेत. ते दुसऱ्या वाचणाऱ्याकडे गेले. दोन सख्खे भाऊ एकदा एकाच कागदासाठी आले आणि दोघांनीही फोनवर माझं रेकॉर्डिंग सुरू केलं. आंब्याच्या एका झाडाचा वाद होता. धाकट्याच्या विरुद्ध निघालं, तर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला, जणू मी तो कागद आत्ता त्याच्यासमोर लिहिला. आमच्या कामाचं हे असं आहे. लिहून गेलेला मोकळा, वाचणारा सापडतो.

आईला माझं काम सांगितलं तेव्हा तिनं शेजारणीला सांगितलं, "मेलेल्यांची पत्रं वाचतो आमचा संदेश." मला ते तेव्हा आवडलं नव्हतं. आता आवडतं.

गफूरचाचा आले ते दिवाळीनंतरच्या एका दुपारी. उंच, पांढरी दाढी, लुंगीवर इस्त्रीचा सदरा. टेबलाशी दोघं जण होते, ते जाईपर्यंत चाचा बाहेर उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "मेलेल्यांचं वाचणारा तूच ना?"

मी चपापलो. "कागद वाचतो, चाचा."

"तेच ते. माझ्या घरी चल. मी कागद घराभाईर काढत न्हाय."

त्यांचं घर चौलच्या पुढे, खाडीच्या काठावर. गावात त्याला नाखव्याचं घर म्हणतात. नाखवा म्हणजे गलबताचा मुख्य. वाटेत बसमध्ये त्यांनी मला जे सांगितलं ते गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे. फार पूर्वी, तीनेकशे वर्षं तरी झाली असतील, त्यांचा एक पूर्वज तांबड्या समुद्राकडून गलबत घेऊन येत होता. इथून कापड आणि मिरी जायची. तिकडच्या लोकांकडे आपल्याला हवं असं फारसं काही नव्हतं, म्हणून बदल्यात चांदी यायची. त्या गलबतावर खजूर होता आणि खजुराच्या खाली, तळाशी तोलासाठी भरलेल्या दगडांत लपवलेल्या पेट्यांमध्ये चांदी होती. किनारा दिसायला लागला असताना कुणाच्या तरी आरमारानं गलबत अडवलं आणि चांदी उचलून नेली. दगडांखालची चांदी त्यांनी थेट शोधली. म्हणजे गलबतावरच्याच कुणी जागा दाखवली. व्यापाऱ्यानं फिर्याद केली, पंच बसले, जबान्या झाल्या. नाखवा घरी परत आला. त्याचा तांडेल, म्हणजे खलाशांचा पुढारी, पोशा नावाचा कोळी, तुरुंगात गेला आणि परत आला नाही.

"गाव काय म्हणतं ठाऊक हाय? नाखव्यानं गवाहीत पोशाचं नाव घेतलं आणि स्वतः सुटला," चाचा म्हणाले. "त्या पोशाच्या घरातला काशिनाथ. खाडीच्या त्या अंगाला राहतो. माझा दोस्त."

"मग त्यांनाच विचारलं तर?"

"एकेचाळीस वर्षं तो माझ्याशी बोलला न्हाय."

दोघांची मिळून एक होडी होती. सोळाव्या वर्षापासून एकत्र समुद्रावर. मग चाचांना मस्कतला जहाजावर काम मिळालं आणि त्यांनी होडी, जाळी, सगळं काशिनाथवर टाकून जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी धक्क्यावर अख्ख्या गावासमोर काशिनाथ म्हणाला, "नाखव्याचीच अवलाद. दुसऱ्याला बुडवून आपन घरी जानारी."

"तो मला बोलला असता तर मी परत आल्यावर त्याच्या दारात गेलो असतो," चाचा म्हणाले. "पन तो माझ्या माणसाला बोलला. आणि मी दारात गेलो आणि त्यानं विचारलं, की सांग, घेतलं का न्हाय नाव, तर मी काय सांगू? मला फक्त एवढं सांग बेटा. घेतलं का न्हाय."

पत्र्याच्या पेटीत, बाकीच्या कागदांच्या तळाशी ते बंडल होतं. जबान्यांची नक्कल. एकाच लेखनिकाच्या हातची, सुंदर, एकसारखी अक्षरं. जुने लांब कागद म्हणजे अनेक तुकडे खळीनं एकाखाली एक चिकटवून केलेली पट्टी असते. खळ किड्यांना आवडते, दमट हवेत सुटतेही. इथे सगळे जोड सुटले होते. तीन तुकडे वाचता येण्याजोगे, आणि चौथा पाण्यानं इतका पुसलेला, की त्यावर नुसते तपकिरी ढग दिसत होते. मी फोनवर फोटो काढले आणि घरी आणून आठवडाभर वाचले.

पहिला तुकडा नाखव्याच्या जबानीचा होता. त्याचं नाव दाऊद. गलबत कुठून निघालं, वाटेत किती दिवस लागले, हे सगळं. शेवटी पंचांनी त्याला विचारलं होतं, की दगडांखालची जागा कुणी दाखवली. तिथे कागद संपत होता. दुसरा तुकडा व्यापाऱ्याच्या गलबतावरच्या कारकुनाच्या जबानीचा. त्याचाही शेवट त्याच प्रश्नावर. तिसरा तुकडा उत्तरानं सुरू होत होता. जागा पोशा तांडेलानं दाखवली, मी डोळ्यांनी पाहिलं, असं त्यात होतं.

चौथा तुकडा मी बाजूला ठेवला होता. वाचता येत नाही म्हणून.

तिसरा तुकडा मी पहिल्याखाली धरला. प्रश्न आणि उत्तर चपखल बसले. गावही तेच म्हणत होतं. मी एका गावाची तीनशे वर्षांची गोष्ट कागदातून सिद्ध केली होती. मला वाटलं, याचं तर मॅडमनाही कौतुक वाटेल.

चाचांच्या ओटीवर बसून मी त्यांना वाचून दाखवलं. ते खाडीकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. ते आत गेले, धुतलेला सदरा घालून आले. "चल."

पलीकडे जायला पूल आहे, रिक्षानं दहा मिनिटं. चाचांनी होडी करायला लावली. म्हणाले, "त्याचं दार खाडीला हाय. पुलावरनं गेलो तर मागनं शिरल्यासारखं होईल."

काशिनाथनाना ओटीवर जाळं शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोन हाय?"

"गफूर."

"कंचा गफूर?"

"एकच हाय."

"एक व्हता. तो समुद्रापलीकडं गेला."

"आलो परत. अठरा वर्षं झाली."

"ह्या दारात आज आलास."

चाचा पायरीच्या खालीच उभे होते. म्हणाले, "काशा, तू धक्क्यावर बोललास ते खरं व्हतं. माझ्या माणसानं तुझ्या माणसाचं नाव घेतलं. कागदात निघालं. हा पोरगा वाचतो."

"मला कशाला कागद? मी सांगितलंच व्हतं."

"व्हय. म्हणून माफी मागाया आलो."

नानांच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. "त्याची मागाया आलास, का तुझी?"

"दोघांची. त्यानं नाव घेतलं त्याची. मी होडी टाकून गेलो त्याची."

 मी होडीवाल्याकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. मग नाना म्हणाले, "गुडघं धड हायत काय तुझं?"

"न्हाय."

"मग उभा कशाला ऱ्हायलास?" आणि आत तोंड करून, "सूनबाय, च्या टाक. दोन." मग माझ्याकडे बघून, "तीन. ह्यो मोडीवाला पन हाय."

त्या दिवशी चाचा आणि मी होडीनंच परत आलो. उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या कामाचा मला एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. नंतरही नाही.

पुढचे चार महिने ते दोघे रोज भेटत होते. कधी या काठाला, कधी त्या. मी रविवारी गेलो की त्यांची भांडणं ऐकत बसायचो. अमुक वादळात सुकाणू कुणाच्या हातात होतं, तमुक मासा किती मोठा होता. चाचा म्हणायचे, "तू तवा ओकत व्हतास, तुला काय दिसणार?" नाना म्हणायचे, "मस्कतला डोकं तापलं ह्याचं." एकेचाळीस वर्षांचं बोलणं साठलेलं होतं आणि दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांना घाई होती.

मार्चमध्ये मी ते बंडल एम.ए.च्या प्रकल्पासाठी घ्यायचं ठरवलं. चाचांनी पहिल्यांदाच कागद घराबाहेर काढू दिले. मॅडमनी टेबलावर पांढरा कागद अंथरून ते मांडले. माझं लिप्यंतर वाचलं, मान हलवली. मग सहज म्हणाल्या, "मागची बाजू पाहिलीस?"

मी म्हटलं, कोरी आहे.

"कोरी नसते."

त्यांनी पहिला तुकडा उलटा केला. खालच्या कडेला शाईचा अर्धा शिक्का होता, नखाएवढा. मला तो डाग वाटला असता, पण मी तेवढंही पाहिलं नव्हतं. माझे फोटो सगळे पुढच्या बाजूचे. मॅडमनी सांगितलं, की दोन तुकडे चिकटवले की पाठीमागे जोडावर शिक्का मारायचे, अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या. मग मधला तुकडा कुणी काढून दुसरा घालू शकत नाही. जबान्यांमध्ये तर हे फार जपायचे. हे त्यांनी आम्हाला शिकवलंही होतं. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती.

तिसरा तुकडा त्यांनी पहिल्याला लावला. अर्धे शिक्के जुळले नाहीत. दुसऱ्याला लावला. जुळले. म्हणजे पोशाचं नाव घेणारा व्यापाऱ्याचा कारकून होता. दोघांनाही एकच प्रश्न विचारला होता, एकाच शब्दांत, आणि एकाच हातानं तो लिहून घेतला होता.

नाखव्याच्या पहिल्या तुकड्याला जुळला तो चौथा. पुसलेला. मॅडमनी खिडकी लावून घेतली, फोनची बत्ती कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरली, आणि तपकिरी ढगांत बोरूचे ओरखडे उठले. दोन तास लागले. नाखव्याला तो प्रश्न तीनदा विचारला होता. तीनही वेळा त्यानं एकच सांगितलं होतं. गलबत माझ्या हुकमात होतं, त्यावर जे झालं ते माझ्याकडे लावा, माझ्या माणसांचं नाव मी घेणार नाही. पुढचा कागद नव्हता. तो कसा सुटला, पोशाचं काय झालं, काहीच नव्हतं. गलबत अडवणारे कोण, ते नाव जिथे यायला हवं तिथेच कसरीनं भोक पाडलं होतं. लोक मला हेच आधी विचारतात, म्हणून सांगितलं.

मॅडम मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्यांना चुकीचं वाचून दाखवलंस, त्यांच्याकडे आधी जा."

मी चाचांना वाचून दाखवलं.  मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा आनंदानं रडतील. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. नंतर कागदाच्या त्या ढगाळ तुकड्यावर बोट ठेवून, न टेकवता, म्हणाले, "ह्यात हाय हे?"

"हो."

"म्हणजे माझा माणूस खरा निघाला." मग म्हणाले, "काशाला सांगू नको."

मी म्हटलं, "चाचा, पण तुम्ही माफी मागितली ती..."

"माझी मागायचीच व्हती."

"पण नाखव्याची?"

"बेटा, काशाच्या घरानं इतक्या पिढ्या आमच्याकडं पाठ केली. आता त्याला सांगू, की ती उगाच केली? रागानं गेलेला माणूस एकेचाळीस वर्षांनी का होईना, आला. लाजेनं गेला तर कवा येईल? मला तेवढा वेळ न्हाय."

मी शब्द दिला. प्रकल्पाचा विषय बदलला. मिठागरांच्या जुन्या भाडेपट्ट्यांवर लिहिलं. मॅडमनी कारण विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

मे महिन्यात नानांच्या नातवाचं लग्न होतं. हळदीच्या मांडवात चाचांना पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं. मीही होतो. बँजो थांबल्यावर नानांनी माईक घेतला. ते बोलणारे गृहस्थ नाहीत, त्यामुळे सगळे ऐकायला लागले. ते म्हणाले, "ह्यो गफूर. ह्याच्या नाखव्यानं आमचा तांडेल तुरुंगात घातला. ह्यानं कबूल केलं, माझ्या दारात येऊन माफी मागितली. म्या माफ केली. आजपास्नं कोनी काय बोलायचं न्हाय." मांडवात टाळ्या पडल्या. नवरदेव येऊन चाचांच्या पाया पडला.

मी चाचांकडे बघत होतो. त्यांनी मान खाली घातली, अपराधी माणूस घालतो तशी, आणि हात जोडले.

जूनच्या सुरुवातीला तिकडे नोकरीला असलेला त्यांचा मुलगा येऊन चाचांना मस्कतला घेऊन गेला. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. आठवड्यातून तीनदा यंत्रावर बसावं लागणार होतं आणि इथे घरी बघायला कुणी नव्हतं. चार महिन्यांनी येतो म्हणून गेले. मधूनमधून मला आवाजी निरोप यायचे. भरती किती वाजता आहे? खाडीत बोयरी मासळी लागली का? काशा खोकतो का अजून? एकदा नुसताच निरोप आला, काही न बोललेला, श्वासाचा आवाज फक्त. चुकून बटण दाबलं गेलं असेल. मी तो पुसला नाही.

गणपतीनंतर नाना दुकानात आले. एवढ्या लांब एकटे येत नाहीत ते. खुर्चीवर बसून दम खाल्ला आणि म्हणाले, "गफूरच्या घरचा तो कागद हाय तुझ्याकडं?"

"फोटो आहेत."

"वाच जरा. त्याच्या घरचं कायतरी ऐकावं म्हनतो."

मी फोन हातात घेतला. पहिला तुकडा वाचला. नाखव्याला प्रश्न विचारला जातो तिथपर्यंत आलो आणि थांबलो. खाली तिसरा तुकडा धरून वाचलं असतं तर नानांना काहीच कळलं नसतं. वाचायला ते सोपं होतं. मला जमलं नाही.

"काय झालं?"

"पुढचं मी सांगायचं नाही असं ठरलंय."

"कोनाशी?"

"चाचांशी."

 झेरॉक्सचं यंत्र चालू होतं, मालक कुणाच्या तरी आधारकार्डाच्या प्रती काढत होते. नाना म्हणाले, "त्याच्या फायद्याचं असतं तर त्यानं सांगू नको म्हटलंच नसतं असं कोनालाही वाटंल. पन गफूर उलटा माणूस हाय. म्हंजे ते त्याच्या फायद्याचंच हाय. वाच."

मी चौथा तुकडा वाचला. सगळा. मॅडमकडे काढलेले अर्ध्या शिक्क्यांचे फोटो दाखवले, कसे जुळतात ते सांगितलं. माझी चूक माझ्या तोंडानं सांगितली. नाना जाळ्याचं भोक तपासावं तसा तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"म्हंजे गफूर माझ्याकडं आला तो उगाच."

"माझ्यामुळे."

"त्याला कवा कळलं?"

"मार्चमध्ये."

त्यांनी बोटांवर मोजलं. दोनच बोटं लागली. "हळद मे महिन्यात झाली."

मी हो म्हटलं.

"चारचौघांत मी माईकवर बोललो, तवा त्याला ठाऊक व्हतं?"

"हो."

"आनि त्यानं हात जोडलं."

मी चाचांचा नंबर काढला. म्हटलं, "नाना, फोन लावू? आत्ता ते जागेच असतील."

"फोनवर बोलायची गोष्ट हाय काय ती? तो माझ्या दारात आला व्हता." ते उठले. दारातून वळून म्हणाले, "त्याला कळवू नको मला सांगितलंस ते. तू शब्द मोडलास हे मी त्याला सांगनार न्हाय." मग एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागले, एका हातानं गुडघा धरत.

मी चाचांना कळवलं नाही. म्हणजे आता दोन माणसांना दिलेले दोन शब्द माझ्याकडे होते, आणि त्यातला एक मी मोडला होता. चाचांचे निरोप येत राहिले. ऑक्टोबर आला, परत यायचं ठरलेले चार महिने संपले. डॉक्टर प्रवासाला परवानगी देत नव्हते. एका निरोपात त्यांनी विचारलं, "काशा माझं काय विचारतो का रे?" मी लिहिलं, विचारतात. त्यापुढे काय लिहावं ते मला कळेना.

गेल्या आठवड्यात नानांच्या नातीचा फोन आला. प्राची आमच्याच कॉलेजात बी.ए.ला आहे. म्हणाली, "दादा, तुम्हाला माहीत आहे का? आजोबांनी पासपोर्टला अर्ज केलाय. घरात कुणाला न सांगता. चौथीचा शाळेचा दाखला शोधून आणला, फोटो काढून आणले. आम्हाला कळलं ते काल पोलीस चौकशीला घरी आले तेव्हा."

मी विचारलं, पोलीस काय म्हणाले.

"हवालदारांनी विचारलं, बाबा, ह्या वयात कुठे निघालात? आजोबा म्हणाले, मस्कतला. कशासाठी, तर म्हणाले, माफी मागायला. हवालदारांना वाटलं ऐकण्यात काहीतरी चुकलं. परत विचारलं. आजोबांनी परत तेच सांगितलं, आणि म्हणाले, तसंच लिवा."

"मग लिहिलं त्यांनी?"

"थोडा वेळ आजोबांकडे बघत बसले," प्राची म्हणाली. "मग लिहिलं, नातेवाइकाला भेटण्यासाठी."